भर मे महिन्यात ऊब चोरणारा

"भर मे महिनामा कोन उष्णता चोरी रे? डोकं फिरनं का तुनं?"

अमृत एवढ्या जोरात हसला की पुनाच्या गाडीवरच्या सरबताच्या बाटल्या थरथरल्या. हसताहसता त्याने मनगटं कराकरा खाजवली. दोन्ही हातांवर घामोळ्यांच्या पावडरीचा पांढरा थर होता.

चोपड्यातली ही गल्ली संध्याकाळी पुनाच्या गोळ्याच्या गाडीभोवती जमते. घरात पंखा गरम हवाच फिरवतो, त्यापेक्षा बाहेर बरं. पुनाने बर्फावरची फाटकी गोधडी उचलली, लादीवर रंधा फिरवला आणि गोधडी लगेच परत दाबून बसवली.

"मी कुठे म्हणतो?" नवल म्हणाला. "प्लांटवाले म्हणतात. वाफ बॉयलरमधून निघते आणि वाटेत गायब होते. आणि नाव कोणावर? ईश्वरवर."

नवल गावातला भोंगेवाला. रिक्षावर दोन भोंगे बांधून तो सेलच्या, सभेच्या, हरवलेल्या बकरीच्या वर्दी देत फिरायचा. पन्नाशी ओलांडली तरी खोड्या सुटल्या नव्हत्या. जिवंत माणसाच्या तेराव्याची वर्दी त्याने एकदा दिली होती, आणि तो माणूस स्वतःच जेवायला आला होता. दिवसभर नवलचा आवाज प्रत्येक घरात शिरायचा. त्याच्या घरात मात्र बायको गेल्यापासून कोणी शिरत नव्हतं. अपवाद एकच, मागच्या खोलीतला भाडेकरू ईश्वर पावरा.

ईश्वर सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. गावाबाहेर केळीच्या खांबांपासून गॅस करतात त्या प्लांटवर तो बॉयलर सांभाळायचा. सकाळी त्याची बादली वाजायची, रात्री त्याचा रेडिओ. नवलच्या घरात तेवढाच काय तो माणसाचा आवाज.

आता जळगावच्या ऑफिसने ईश्वरला कागद धाडला होता. बॉयलर एवढा गॅस खाऊच शकत नाही, तू बाहेर विकतोस. बाजाराच्या दिवसापर्यंत खुलासा दे. नाही तर नोकरी जाईल, वर पोलीस. ईश्वरने कागद वाचला आणि मुकाट्याने पेटी भरायला घेतली होती.

"तो पोरगा चोर नाही," नवल म्हणाला. "खरा चोर मी शोधतो."

"उष्णतेचा चोर?" अमृतने डोळे पुसले. तो त्याच प्लांटवर फिटर. "बाजाराच्या दिवसापर्यंत तुले चोर सापडी गया ना, तर मी स्वेटर, कानटोपी घालीसन, गोधडी पांघरीसन भर दुपारी बाजारमा बससू. वरतून गरम चहा पिसू!"

"आणि नाही सापडला तर मी."

"पुना, साक्षी राह्य रे!"

"राह्यनू," पुना म्हणाला. "पन चहा दोन कप. एकात काय मजा?"

गल्ली खिदळली. अमृतने नातीसाठी लाल गोळा घ्यायचा म्हणून खिशात हात घातला, मग आठवलं तसा काढून घेतला. नात पुण्याला होती.

"या सुट्टीत येतेय रोशनी," तो म्हणाला. "मागल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी गेली. अंगभर पुरळ, वर ताप. सुनबाई म्हणे, हे घर नाही, भट्टी आहे. पत्र्याचं घर ना. यंदा खोली रंगवली. कुलूप लावून ठेवली, धूळ नको बसायला."

नवलने मान डोलावली. अमृतची बायकोही गेलेली. दोघं रोज संध्याकाळी इथे बसून एकमेकांची टर उडवायचे, म्हणून दोघांची संध्याकाळ जायची.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी नवल ईश्वरचा डबा घेऊन प्लांटवर गेला. कळण्याची भाकरी आणि शेवभाजी. डबा हे निमित्त. प्लांटच्या इंजिनिअर मेघा मॅडम ओळखीच्या होत्या. आग लागल्याच्या सरावाचे भोंगे नवलनेच बसवले होते, आणि पहिल्या चाचणीत "मॅडम, तुमचं लग्न ठरलंय" असं सगळ्या प्लांटला ऐकवलंही होतं.

मॅडम बॉयलरपाशी उभ्या होत्या. डोळ्यांखाली काळं.

"मॅडम, हे काय गौडबंगाल आहे? मला बकरी हरवल्यासारखं समजावून सांगा."

मॅडमना हसू आलं. "गॅस निघतो तेव्हा घाणेरडा असतो. त्या मनोऱ्यात तो औषधी पाण्याने धुतात. ते पाणी परत वापरायचं तर उकळावं लागतं. त्यासाठी वाफ. वाफ करायला आपलाच गॅस जाळायचा."

"म्हणजे बॉयलर जितका कमी खाईल तितका गॅस विकायला उरतो."

"हो. दोन वर्षांपूर्वी मी मागे लागून ही पूर्ण वाफेची लाइन गुंडाळून घेतली. दगडापासून केलेली लोकर असते, तिचा जाड थर. वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. पाइपाला गोधडीच घातली म्हणा. बॉयलरची भूक इतकी उतरली की जळगावहून पेढे आले होते."

"आणि आता?"

"या उन्हाळ्यात भूक परत वाढली."

"बॉयलर बिघडला?"

"नाही. मी स्वतः तपासला. धुराड्यातून वाया जाणारी उष्णतासुद्धा मोजली. वाफ इथून कडक निघते. मनोऱ्याशी पोचते तेव्हा निम्मी पाणी झालेली. मग ईश्वरला जास्त वाफ सोडावी लागते."

"मधे कोणी चोरून नळ जोडला असेल."

"चालत बघितला सगळा पाइप. जोड नाही, गळती नाही. पत्रा स्क्रूसकट जागेवर. उष्णता दाखवणारा कॅमेराही मागवला. तो माणूस भर दुपारी आला, संध्याकाळच्या गाडीने पळाला. उन्हात सगळंच तापलेलं. पाइप, जिना, माझी स्कूटी, सगळं सारखंच लाल."

"पाइप उघडून नाही बघितला?"

"होळीनंतर दुरुस्तीला प्लांट बंद ठेवला तेव्हा फिटरांनी सगळा उघडून तपासला. अमृतभाऊ आणि चुडामण. नीट आहे म्हणाले. आता चालू प्लांट परत बंद करायचा तर जळगावची परवानगी. जळगाव म्हणतं, माणूस बदला, प्रश्न सुटेल." त्या ईश्वरकडे बघून हळू बोलल्या, "माझा शब्द तिथे कोणी ऐकत नाही, नवलभाऊ."

ईश्वर वाफेच्या झडपेच्या चाकावर हात ठेवून उभा होता.

"ईश्वर, तुला कोणावर संशय?"

"नाही, नाना."

"भांडण कोणाशी?"

"माझ्याशी बोलतं कोण, भांडायला?" तो म्हणाला. "अमृतभाऊ तेवढे चहा पाजतात. होळीनंतर तर रोजच पाजतात."

परत निघताना नवलने पाइपाकडे बघितलं. बॉयलरपासून तो उंच खांबांवरून लांब मनोऱ्यापर्यंत गेला होता. ऊन अजून वर आलं नव्हतं. बॉयलरकडच्या भागावर होले ओळीने बसून घुमत होते. पुढे, अर्ध्या वाटेपासून मनोऱ्यापर्यंत, पाइप मोकळा. एक पाखरू नाही.

त्याला वाटलं, तिकडे मांजर असेल.

*

मग नवलने गाव पालथं घातलं. कोणाला ऊब लागते? इस्त्रीवाल्याकडे गेला. तो म्हणाला, "मी कोळसा विझवायला बसलोय, आणि तू ऊब विचारतोस?" केळी पिकवायच्या वखारीत गेला. "यावेळी केळी थंड ठेवायला मरतोय आम्ही!" पिल्लं उबवणारा म्हणाला, "अंडी अंगणात ठेवली तरी उकडतील, भाऊ."

जिथे गेला तिथे लोक पोट धरून हसले. खोड्या काढणाऱ्यावर हसायची संधी गावाने सोडली नाही. एका म्हातारीने तर छपरावर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालताघालता हाक मारली, "नवल, मना अंगनमा लई ऊन शे. चोरी लई जाय बाबा थोडं!"

संध्याकाळी घरी आला तर ईश्वरच्या खोलीत दोरीने बांधलेली पेटी. रेडिओही तिच्यातच. घर इतकं शांत की माठ पाझरतोय तेही ऐकू येत होतं.

नवलला बसवेना. तो पुनाच्या गाडीवर गेला. सवयीने खोडी सुचली. पुना पाठमोरा होता. नवलने हळूच बर्फावरची गोधडी ओढली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"अरे मुडद्या! टाक ती गोधडी पह्यले!" पुना ओरडला. "बर्फ पानी व्हई जाई!"

"गोधडी थंडीत घेतात रे, पुना."

"तुले थंडीमा ऊन ठेवस, याले उन्हाळामा गार ठेवस. तिले काय, आतलं आत आनि बाहेरलं बाहेर!"

नवलचा हात हवेतच राहिला.

त्याने गोधडी मुकाट्याने बर्फावर घातली. चारी कोपरे दाबले. पुना बघतच राहिला, कारण नवलने घेतलेली वस्तू अशी न सांगता परत केल्याचं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"काय व्हयनं रे?"

"काही नाही," नवल म्हणाला. "आपण चोर उलटीकडून शोधत होतो."

समोरून अमृत आला. बाकावर टेकला आणि मनगटं खाजवू लागला. बोटांच्या बेचक्यात, मनगटाभोवती, कोपरापर्यंत. मानेवर काही नाही. पाठ बाकाला घासत नव्हता.

खाजेच्या बाबतीत नवलला कोणी शिकवायची गरज नव्हती. एका लग्नात त्याने नवरदेवाच्या मित्रांच्या टॉवेलांवर खाजकुइली टाकली होती. घामोळ्या पाठीवर, मानेवर, पोटावर येतात. हातांनी काही हाताळलं असेल तर खाज हातांना सुटते.

"काय रे, टक लावीसन काय पाहास?" अमृत म्हणाला. "हरला ना? पेटीमधून स्वेटर काढ!"

"काढतो," नवल म्हणाला.

त्याला हसू आलं नाही. घरी जाऊन तो ओट्यावर बसला. बोललो तर संध्याकाळी बाकावर शेजारी बसायला कोणी उरणार नाही. गप्प राहिलो तर मागची खोली रिकामी. आत ईश्वरच्या पेटीची दोरी दिसत होती. एवढी घट्ट गाठ त्याने मारली होती, जणू परत सोडायचीच नव्हती.

*

बाजाराच्या दिवशी ऊन वर यायच्या आत नवलने मेघा मॅडमना पाइपाखाली बोलावलं. ईश्वर, अमृत, चुडामण आणि केळीचे खांब उतरवणारे मजूरही आले. नवलने शिडी लावायला सांगितली आणि मजुरांकडून दोन रुमाल मागून बादलीत बुचकळले.

"चुडामण, एक तिकडे टाक, होले बसलेत तिथे. दुसरा इकडे, मनोऱ्याकडच्या पत्र्यावर."

होले उडाले. पहिला रुमाल ओला तसाच पडून राहिला. दुसऱ्यातून बघताबघता वाफ निघायला लागली. चुडामणने तो उचलायला हात घातला आणि "आई गं!" करून मागे घेतला.

मॅडम स्वतः शिडीवर चढल्या. पत्र्याजवळ हात नेला आणि तिथेच थांबल्या. "आत लोकर नाही," त्या म्हणाल्या. "नुसता पत्रा आहे."

"पत्रा आहे म्हणून कोणाला कळलं नाही," नवल म्हणाला. "आत पत्र्याला आधाराच्या कड्या आहेत, त्यामुळे तो दबला नाही. तापला होता, पण मे महिन्यात चोपड्यात कोणता पत्रा तापत नाही? कॅमेरावाला दुपारी आला, त्याला सगळंच लाल. फक्त होल्यांना सकाळी कळायचं, कुठे पाय भाजतात."

"म्हणजे उष्णता..."

"कोणी नेली नाही. ती हवेत गेली. आपण सगळे ऊब लागणारा माणूस शोधत बसलो. चोराला गारवा पाहिजे होता. पुना बर्फावर गोधडी घालतो ना, तसंच. पाइपाची गोधडी काढून घराच्या पत्र्याखाली लावली की ऊन बाहेरच राहतं."

मॅडम शिडीवरून खाली उतरल्या.

"ती लोकर काढायला वेळ लागतो, पाइप थंड असावा लागतो. तो होळीनंतरच्या दुरुस्तीतच थंड होता. उघडला फिटरांनी. फिटर दोन."

चुडामण उसळला. "नाना, मी बॉयलरकडचा अर्धा उघडला! तिकडचा नाही!"

"माहीत आहे. तुझ्या अर्ध्यावर होले बसतात." नवल मॅडमकडे वळला. आवाज मुद्दाम सहज ठेवला. "मॅडम, एक सांगा. ही लोकर लहान लेकरू झोपतं त्या खोलीत लावली तर चालते?"

"उघडी? अजिबात नाही. बारीक तंतू झडतात. डोळे, घसा, अंगाला खाज. लहान मुलाला तर..."

"पण वरतून प्लायवूड ठोकलं असेल तर?"

प्रश्न अमृतचा होता. तोंडातून निघून गेला, आणि मग त्याला कळलं काय निघालं ते. त्याने हात पाठीमागे लपवले. लपवूनही तो मनगट खाजवत होता.

"फटी बुजवल्या आहेत," तो पुटपुटला. "पट्ट्या मारल्या. दुपारी आत बसून बघितलं मी. गार राहते खोली. खरंच राहते."

"अमृतभाऊ," मॅडम म्हणाल्या.

"रोशनी तिसऱ्या दिवशी गेली हो मॅडम. वाटलं, थोडी लोकर काढली तर काय होतंय, एवढा मोठा पाइप. एका खोलीला लागली, पुरली नाही, अजून काढली. मग गॅसचं लक्षात आलं, आणि तोवर नाव याच्यावर..."

तो ईश्वरकडे बघत नव्हता. ईश्वर मात्र त्याच्याकडेच बघत होता.

"म्हणून चहा पाजत होते का, भाऊ?" ईश्वर म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी बोलावंसं वाटतं."

हे अमृतला मॅडमच्या बोलण्यापेक्षा लागलं. तो पाइपाच्या खांबाला टेकून खाली बसला.

"बोलायचा होतास ना रे माझ्याशी," नवल म्हणाला. "रोज बाकावर बसतो आपण. पैज लावलीस, माझ्यावर हसलास. आणि घरी माझ्या डोळ्यांदेखत हा पेटी भरत होता."

"तू शोधशील असं वाटलं नाही."

"मलाही नाही वाटलं."

मॅडमनी तिथूनच जळगावला फोन लावला. या वेळी त्यांचा आवाज चढा होता आणि तिकडचा माणूस ऐकत होता. ईश्वरवरचा आरोप मागे. अमृतने लोकर स्वतःच्या हाताने परत बसवायची आणि मग पुढचा निर्णय होईपर्यंत घरी बसायचं.

"हातमोजे घालून," मॅडम शेवटी म्हणाल्या.

*

दुपारी बाजारात पाय भाजत होते. कलिंगडवाले ताडपत्रीखाली आडवे झाले होते. तरी अर्धं गाव जमलं, कारण नवलचा भोंगा सकाळपासून गल्लीगल्लीत ओरडत होता.

अमृतने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "मी म्हणलो होतो उष्णतेचा चोर. उष्णता मी चोरीच नही. लोकर चोरी!"

साक्षी पुनाने गोळ्याची दांडी उंचावली. "कोर्ट म्हनस, बस खाली!"

स्वेटर अमृतचाच. कानटोपी चुडामणने आणली. गोधडी मात्र नवलने स्वतःच्या पेटीतून काढली होती, बायकोने शिवलेली. इतकी वर्षं उघडली नव्हती. त्याने ती झटकली आणि अमृतच्या खांद्यांवर नीट घातली. कोपरे दाबून.

"ऐका हो ऐका!" नवल माइकवर सुटला. "चोपड्यात हिमवर्षाव! अमृतभाऊ गारठले! चहा आणा रे, आलं टाकून!"

लोक टाळ्या पिटत होते. मोबाइल वर झाले. अमृतने पहिला कप संपवला. कानटोपीतून घामाच्या धारा लागल्या. ईश्वरने गर्दीतून पुढे होऊन दुसरा कप स्वतः हातात दिला. "घ्या भाऊ. आज माझ्याकडून." आणि तो हसला नाही, पण गेलाही नाही. तिथेच उभा राहिला.

तेवढ्यात अमृतचा फोन वाजला. व्हिडिओ. कोणीतरी फोटो पुण्याला पोचवला होता. अमृतचे हात गोधडीत अडकलेले. नवलनेच एका हाताने फोन समोर धरला.

"आबा!" पोरीचा आवाज आला. "तुम्हाला थंडी वाजतेय?"

अमृतचं तोंड घामाने लाल झालेलं. तो बघत राहिला.

"हो बेटा," तो म्हणाला. "लई थंडी वाजस."

"मग मी येऊ?"

"नको. यंदा नको. खोली झाली नाही आबाची. परत भट्टीच शे."

पोरीने आईकडे मान वळवली. मागे तिची आई कोणाशी तरी बोलत होती. नवलने घसा खाकरला.

"अमृत," तो म्हणाला. "माझं घर स्लॅबचं आहे. वर शेजारच्यांचा मजला, म्हणून मधली खोली गार असते. रिकामीच आहे. बायको गेल्यापासून तिथे कोणी झोपलेलं नाही. मी ओट्यावर झोपतो. मला तिथे... ते असू दे. पोरीला येऊ दे तिथे. तू पण ये. रात्री कोणी खोकललं तरी मला चालेल."

शब्द बाजारावरून गेले, मंदिराच्या भिंतीवर आपटले आणि परत आले. नवलने दचकून दुसऱ्या हाताकडे बघितलं. इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. माइक चालूच होता.

सगळा बाजार त्याच्याकडे बघत होता. छपरावर बिबड्या घालणारी ती म्हातारीसुद्धा, तोंडावर पदर धरून.

"आबा," फोनमधून आवाज आला, "फोन कोणी धरलाय? ते का बोलत नाहीत आता?"

"नवल आबा शे तो," अमृत म्हणाला. त्याने गोधडीतून एक हात सोडवला आणि उरलेला चहा नवलपुढे केला. "थंडी त्यालेबी वाजस."

नवलने माइक बंद केला आणि तो उकळता चहा भर उन्हात, सगळ्या गावासमोर, एका दमात पिऊन टाकला.